निर्व्यसनी

गौरीशंकरनं मोबाइल पुढं केला तेव्हा गायत्री सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. "वैनी, फ्लेक्सचं डिझाइन आलंय. एकदा नजर टाका. काय चुकलं असलं तर आत्ताच सांगा, छापल्यावर मग काय करता येत न्हाय," दीर म्हणाला. बोटांना टरफलांची धूळ होती म्हणून तिनं मोबाइल हातात घेतला नाही, नुसती मान पुढं केली. वर शिवलिंग, दोन्ही बाजूंना समया, मधोमध बसवेश, तिचा नवरा. मूळ फोटोत त्याच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा होता. डिझाइनवाल्यानं तो पुसून तिथं शर्टाचा निळा रंग ओढला होता, त्यामुळं छाती उगाच रुंद दिसत होती. खाली 'लिंगैक्य' आणि पूर्ण नाव, त्याखाली 'प्रथम मासिक पुण्यस्मरण', आणि त्याच्याही खाली, लहान अक्षरांत, तीन शब्द. मनमिळाऊ, कष्टाळू, निर्व्यसनी. पहिले दोन तिनं सहज वाचले. तिसऱ्या शब्दाशी तिची नजर अडकली आणि तिथंच राहिली. "बरोबर हाय न्हवं?" गौरीशंकरनं विचारलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. तो मोबाइलवर बोलत बाहेर गेला, फाटकाची कडी वाजली, गाडी सुरू झाली. तिनं पुढची शेंग उचलली, दाबली, आणि तिच्या ध्यानात आलं की आतले दाणे टरफलांत टाकून आपण टरफल डब्यात टाकतोय.

चूक काहीच नव्हती. उमरग्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. बसवेशच्या तोंडात कधी सुपारीचं खांड दिसलं नाही. लग्नाच्या ऑर्डरीला गेल्यावर फोटोवाल्यांच्या पिण्याची वेगळी सोय केली जाते, मांडवामागं, गाडीच्या आडोशाला. बसवेश तेव्हा पुढं येऊन वरबापाशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि पोरं त्याची चेष्टा करायची. रोज अंघोळ झाली की कपाळाला विभूती, तळहातावर लिंग घेऊन पूजा, मगच घरातून पाऊल बाहेर. येरमाळ्याला गायत्रीला बघायला आले होते तेव्हा मध्यस्थानं तिच्या वडलांना पहिली गोष्ट हीच सांगितली होती. वडील दुसरं काही ऐकायलाच थांबले नव्हते. त्यांच्या सख्ख्या भावानं दारूपायी घर कसं धुळीला मिळवलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराआडून गायत्रीनं तो शब्द ऐकला होता आणि तिला हायसं वाटलं होतं, एखाद्या अंधाऱ्या खोलीत दिवा असल्याचं कुणी आधीच सांगावं तसं. बारा-तेरा वर्षं तो शब्द घरात होता. बहिणी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या तेव्हा ती गप्प बसायची आणि त्या गप्प बसण्यात थोडा तोरा असायचा. आता महिना झाला, त्याच शब्दाला ती घाबरत होती. दारू असती तर सांगता आलं असतं. रडता आलं असतं, माहेरच्यांना बोलावता आलं असतं, चार माणसं बसवून शपथ घालता आली असती. गावात कुणी म्हणालं असतं, बिचारी, काय सोसलं तिनं. पण टपरीवर बिस्किटाच्या बरणीशेजारी उभी असलेली, शाळेतली पोरंही सुट्टीत विकत घेतात ती लाल गोड पाण्याची बाटली. तिचं गाऱ्हाणं कुणाकडं न्यायचं? तिला घरात कुणी नावही दिलं नव्हतं. सगळे 'बसूची लाल' म्हणायचे. बसूची चप्पल, बसूचा टॉवेल, तशी बसूची लाल.

कधी सुरू झालं ते तिला पक्कं आठवत होतं आणि ते आठवलं की तिला स्वतःचा राग यायचा. बसवेशनं स्टुडिओत दुसरा कॅमेरा आणला, ड्रोन आणला, त्या लग्नसराईची गोष्ट. इकडं उमरगा, तिकडं हद्दीपलीकडं बसवकल्याणपर्यंतच्या ऑर्डरी येऊ लागल्या. पूर्वी लोक अल्बमसाठी महिना महिना थांबायचे. आता अक्षता पडल्या की संध्याकाळपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहिजे. नवऱ्या मुलीच्या मैत्रिणी स्टेजखालीच उभं राहून विचारायच्या, "दादा, रील कधी?" त्याच्याबरोबर काम करणारा ईरण्णा, मुळजचा, त्यानं एका लग्नात त्याच्या हातात ती बाटली दिली. "पी. डोळे उघडतेत." त्या दिवशी बसवेश घरी आला तो वेगळाच. एरवी लग्नाहून आला की भिंतीला पाठ लावून पाय पसरायचा, विचारलेल्या प्रश्नाला हूं म्हणायचा. त्या दिवशी तो हसत होता, लग्नातल्या गमती सांगत होता, नवरदेवाचा फेटा कसा डोळ्यांवर घसरला त्याची नक्कल करत होता. शिवांजली तेव्हा एवढीशी होती, तिला त्यानं खांद्यावर घेऊन अंगणात पळवली. मग म्हणाला, चला, हायवेला जाऊ, जेवू. गायत्रीनं ठेवणीतली साडी नेसली. ढाब्यावरच्या दिव्यांत त्याचे डोळे लकाकत होते आणि तो तिच्याशी बोलत होता, लग्नाआधी फोनवर बोलायचा तसा, मधे मधे वाक्य सोडून देत. तिला तो आवडला होता त्या दिवशी. फार आवडला होता. आता ती ते उलटसुलट करून बघायची: तो खरा होता, का ती बाटली बोलत होती? आणि आपल्याला त्यातलं कोण आवडलं होतं?

मग रोज एक झाली. चहा त्यानं त्याच सुमाराला सोडला, पित्त होतं म्हणून, आणि उमाबाईंना, त्याच्या आईला, त्याचं कोण कौतुक. पुढं घरातून निघताना एक आणि कामावर एक. पुढं एडिटिंगच्या खोलीत एक. त्या खोलीचे पडदे भर दुपारीसुद्धा ओढलेले असायचे, आत निळसर उजेड, आणि त्या उजेडात कुणाकुणाची लग्नं पुढं-मागं पळत असायची. हळदीची हसणारी तोंडं त्याच्या बोटाखाली थांबायची, मागं जायची, पुन्हा हसायची. ती जेवायला बोलवायला गेली की तो मान न वळवता हात वर करायचा. सगळं एकदम घडलं नाही. एकदम घडलं असतं तर दिसलं असतं. आधी झोप गेली. तो डोळे मिटून पडायचा, पण पापण्यांखाली बुबुळं फिरत राहायची. एकदा तो म्हणाला होता, "म्या झोपतो गं, पण आत कुणीतरी जागंच असतंय." ती हसली होती. मग हात. नुसत्या हातानं घ्यायचे ते फोटो तो स्टँड लावून घ्यायला लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, नवीन पद्धत आहे. मग दात, गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. मग चिडणं. शिवांजली घरात चेंडू आपटत होती म्हणून त्यानं एवढ्या मोठ्यानं ओरडून तो हिसकून घेतला की पोरगी जागेवर ओली झाली. नंतर स्वतःच तिला जवळ घेऊन बसला, पुन्हा पुन्हा तिच्या केसांवरून हात फिरवत, आणि गायत्रीला दिसलं की तो हात केसांवर स्थिर राहत नव्हता. एका रविवारी दुपारी ती त्याच्या छातीवर डोकं टेकून पडली होती. कानाखाली काहीतरी पळत होतं. पळता पळता अडखळायचं, क्षणभर काहीच नाही, मग एक मोठा दणका, आणि पुन्हा पळणं. ती उठून बसली. "किती जोरात चाललंय." तो म्हणाला, "कामाचं टेन्शन. सीझन संपला की व्हतंय बरोबर." सीझन संपला, दुसरा आला.

ती त्याला दवाखान्यात घेऊन गेलीच नव्हती असं नाही. उमरग्यातच, हायवेलगत. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "या वयात एवढं बीपी? काही व्यसन?" बसवेश ताठ बसून म्हणाला, "काहीच न्हाय सर. चहासुदिक न्हाय." शेजारच्या स्टुलावर बसून तिनं मान हलवली होती. खोटं बोलावं असं दोघांच्याही मनात नव्हतं. त्या प्रश्नाच्या आसपासही ती बाटली उभी नव्हती. मीठ कमी करा, फिरायला जा, ही गोळी रोज घ्या. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ऊन मी म्हणत होतं. गोळ्या घेऊन परतताना समोरच्या दुकानातून त्यानं लाल बाटली घेतली, गाडीवर बसूनच झाकण फोडलं आणि पहिली गोळी त्याच गोड पाण्याबरोबर गिळली. तिनं ते पाहिलं होतं. पाहिलं आणि गाडीवर मागं बसली, पदर सावरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एकदाच ती बोलली होती. घरात, सगळ्यांसमोर, भाकरी करता करता. "जरा कमी करा ते. दिवसाला तीन तीन कशाला?" बसवेश काही बोलायच्या आत उमाबाई म्हणाल्या, "राबराब राबतंय पोरगं. दारू पीत न्हाय, तंबाखू खात न्हाय. गोड पाणी पितंय, त्याच्यावर बी नजर का गं?" सासूला ती अत्ती म्हणायची, या घरात अर्धं कानडी होतं, अर्धं मराठी, आणि भांडण बहुधा नसायचंच. अत्तींचं म्हणणं तिला टोचलं, आणि खरंही वाटलं. त्यानंतर बाटल्या अत्तीच आणायला लागल्या. बाजारातून येताना भाजीच्या पिशवीत दोन, तीन. लाइट गेली की ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायच्या, आणि तो निघाला की फाटकापर्यंत मागं जायच्या, "बसू, हे घे बाबा, ऊन लई हाय." लहानपणी त्याच्या दप्तरात गूळ-शेंगा कोंबायच्या, तेच त्यांचं चाललं होतं. गायत्रीला ते सगळं भाकरीच्या तव्यापासून दिसायचं.

जळकोटला हळदीचा कार्यक्रम होता. तो शूटिंग करता करता एका खुर्चीवर बसला, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि पुढं वाकला, जणू खाली काही पडलंय ते शोधतोय. ईरण्णानं त्याला गाडीत घालून सोलापूरला नेलं. गायत्री आणि गौरीशंकर मागून पोचले. तिथली डॉक्टर लहान वयाची होती, तिचे डोळे लाल झालेले. गौरीशंकर औषधांच्या रांगेत होता. डॉक्टरनं सगळं विचारलं, वडलांना हृदयाचं काही, साखर, तंबाखू, आणि मग एकदम, "एनर्जी ड्रिंक घेतात का?" गायत्रीला आधी कळलंच नाही. डॉक्टर म्हणाली, "ते बाटलीतलं, लाल, निळं मिळतं ते." गायत्री म्हणाली, "हो." "किती?" "दोन. तीन. लग्नसराईत जास्त." "रोज?" "रोज." "किती वर्षं?" तेव्हा तिचं तिलाच ऐकू येत होतं, दुसरीच कुणी बाई कबुली देत असल्यासारखं. डॉक्टरनं सांगितलं ते सावकाश, शब्द निवडून सांगितलं. "हे एकटंच कारण आहे असं मी म्हणणार नाही. बीपी होतं, झोप नव्हती, हृदयाचा आकार वाढलेला आहे. पण या पेयांनी बीपी वाढतं, ठोक्यांची लय बिघडू शकते. आधीच बीपी असलेल्या माणसानं रोज इतकं घेणं धोक्याचंच. कधी कुणा डॉक्टरांना सांगितलं नाही?" गायत्री डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीकडं बघत राहिली. गौरीशंकर पिशवी घेऊन आला तेव्हा डॉक्टर आत गेली होती. "काय म्हणल्या?" "प्रयत्न करतो म्हणल्या." दुसऱ्या दिवशी दुपारी बसवेश गेला. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. गौरीशंकरला सांगितलं तर तो आईला सांगेल, आणि अत्तींना कळलं तर त्या आपल्या हातांकडं बघतील. त्यांनी आपल्या हातांकडं बघावं हे गायत्रीला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि अगदी आत, जिथं ती स्वतःही फारशी जात नसे, तिथं आणखी एक गोष्ट होती: सांगितलं तर लोक विचारतील, तुला दिसत नव्हतं का?

पंधरवड्यानं जळकोटच्या मुलीचे वडील आले होते. ओट्यावरच बसले, पाणीही घेईनात. बोलू की नको असं करत म्हणाले, "ताई, तोंड न्हाय मागायला. पण पोरीच्या हळदीचं तेवढंच हाय. दुसऱ्यांदा थोडीच लागणार हाय हळद." ईरण्णा कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आला, आणि गायत्री म्हणाली, आधी मला बघू द्या. पडदे ओढलेल्या खोलीत ती त्याच्या खुर्चीवर बसली. बायका गात होत्या, हळद उडत होती, मुलगी डोळे घट्ट मिटून हसत होती. आणि त्या सगळ्याच्या अलीकडं, अगदी कानाशी, एक श्वास होता. गाण्यापेक्षा जवळ. आत जाताना थोडा अडकणारा, बाहेर येताना तोंडातून येणारा. बायका गायच्या थांबल्या की तो मोठा व्हायचा, पुन्हा गायला लागल्या की खाली बुडायचा. तिनं मागं नेलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं नेलं. शेजारी बसून माणूस जेवत असावा, काही बोलत नसावा, पण आहे, तसा तो होता. शिवांजली दारात येऊन म्हणाली, "आई, कुणाचं लग्न बघतीस?" तेव्हा तिनं बंद केलं. कार्ड परत देताना ती म्हणाली, "ईरण्णा, त्यात त्यांचा श्वास ऐकू येतोय. त्या लोकांना तो तसा देऊ नका." ईरण्णानं मान खाली घातली. "त्याच्यावर गाणं टाकतो, वैनी."

मासिकाच्या दिवशी सकाळीच सगळे शेतात गेले. गावाबाहेर, तुरीच्या रानात बांधाला लागून समाधी होती. अजून कच्ची माती, वरची बेलाची पानं वाळून खडखडीत झालेली. ऊन चढायला लागलं होतं आणि रानात तुरीची धसकटं पायाला टोचत होती. चौकात लागलेला फ्लेक्स येताना वाटेत दिसला होता. शिवांजलीनं मोठ्यानं वाचला, प्रत्येक शब्द तोडून. स्वामींनी मंत्र म्हटले, विभूती लावली. सासरे, कल्याणप्पा, दोन्ही हात जोडून उभे होते. महिन्याभरात त्यांचा सदरा त्यांना मोठा झाला होता. स्वामी गेल्यावर उमाबाई खाली बसल्या आणि पिशवीतून एकेक काढायला लागल्या. गव्हाची हुग्गी, खिरीसारखी, गुळाची. शेंगाच्या पोळ्या. ताकातली मिरची, बसवेशला लागायची तशी करपवलेली. सगळं केळीच्या पानावर मांडून झालं. मग त्यांनी पिशवीच्या तळातून ओल्या फडक्याची एक गुंडाळी काढली, फडकं सोडवलं, आणि लाल बाटली समाधीच्या उशाला टेकवून ठेवली. उन्हात ती लगेच आतून पेटल्यासारखी दिसायला लागली. "गार हाय बाबा," उमाबाई म्हणाल्या, "आत्ताच आणली." आणि पदर तोंडाला लावला. गौरीशंकर दुसरीकडं बघायला लागला. गायत्रीच्या हातात उदबत्त्या होत्या. त्या मातीत खोचायच्या होत्या, पण ती तशीच उभी राहिली. राख तिच्या मनगटावर पडली तेव्हा तिला कळलं.

थोड्या वेळानं प्रसाद वाटायला घेतला. पोळीचे तुकडे झाले, हुग्गी द्रोणांतून फिरली. शिवांजली आजीला चिकटून बसली होती. "आज्जी, पप्पांची लाल कुणाला?" उमाबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्या दिवशी हसल्यासारखं केलं. "तुलाच की, यव्वा. बापाचा परसाद हाय, घे." त्यांनीच झाकण फिरवलं. फस्स आवाज झाला. पोरीनं दोन्ही हात पुढं केले, बाटली घेतली, ओठांशी नेली, आणि गायत्री मधल्या पानावरून पाय टाकून पुढं गेली आणि तिनं ती बाटली हिसकून घेतली. थोडं पाणी शिवांजलीच्या फ्रॉकवर सांडलं. सगळे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. फेकून देता येत नव्हती, उशाची होती. परत ठेवता येत नव्हती. का घेतली ते सांगता येत नव्हतं. तिनं बाटली तोंडाला लावली आणि प्याली. इतक्या वर्षांत तिनं ती कधी चाखली नव्हती. खोकल्याच्या औषधासारखी गोड, जिभेला बारीक सुया टोचणारी, आणि गिळल्यावर मागं राहणारी कडवट, लोखंडी चव. थांबली तर रडू येईल म्हणून ती थांबली नाही. नाकात वायू चढला, डोळ्यांतून पाणी आलं, हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला. रिकामी बाटली हातात राहिली. "पी, बाई, पी," उमाबाई म्हणत होत्या, "तुझाच हक्क हाय तो." गौरीशंकरनं मान खाली घातली होती. कल्याणप्पांनी हळूच म्हटलं, "चला आता. ऊन झालं."

परतताना पुरुष पुढं गेले. बांधावरून एकामागं एक चालावं लागत होतं. पुढं शिवांजली, मग उमाबाई, मागं गायत्री. थोडं अंतर गेल्यावर तिला ते जाणवायला लागलं. आधी कानांत, मग गळ्याशी, मग छातीत, कुणीतरी आतून घाईघाईनं दार ठोठावावं तसं. तळहात घामेजले. सगळं फार स्पष्ट दिसत होतं, धसकटांच्या सावल्या, अत्तींच्या टाचांवरच्या भेगा. एका बाटलीनं हे, तिच्या मनात आलं. हे घेऊन तो लोकांच्या हळदी बघत उभा राहायचा. हे घेऊन तो माझ्याशेजारी झोपायचा. तिला वाटलं, आता कुठं आपली त्याच्याशी ओळख होते आहे, आणि त्याला ते सांगायची सोय राहिलेली नाही. उमाबाई थांबल्या. वळल्या. चालून त्यांना दम लागला होता.

"गायत्री, एक विचारू का? खरं सांग. तू पोरीच्या हातातनं हिसकलीस. त्या बाटलीनं काय झालं का गं माझ्या बसूला?"

त्यांचा उजवा हात अजून ओलाच होता. ते फडकं त्यांनी हातात पिळून धरलेलं होतं. गायत्री म्हणाली, "न्हाय, अत्ती. गोड पाणी ते. त्यानं काय हुतंय?"

उमाबाईंच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं. त्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि पुन्हा चालायला वळल्या. पण पुढं शिवांजली वाट अडवून उभी होती. फ्रॉकवर लाल डाग.

"मग मला का न्हाय दिलीस?" ती म्हणाली. "काय हुत न्हाय तर मला का न्हाय? आमच्या शाळेपशी मिळती. वर्गातल्या सगळ्या पोरी पितेत. मी बी पिणार."

गायत्रीनं पोरीकडं बघितलं. मग म्हातारीच्या पाठीकडं. दोघींच्या मधे हातभरच अंतर होतं. छातीतलं ठोठावणं थांबत नव्हतं आणि त्या आवाजात विचार करायला जागाच मिळत नव्हती. ती पुढं झाली, अत्तींच्या शेजारून धसकटांत उतरून गेली आणि शिवांजलीसमोर उकिडवी बसली.

"प्यायची न्हाय," ती म्हणाली. "कधीच न्हाय. पप्पा रोज प्यायचे. त्यांना बीपी होतं, झोप नव्हती, आणि वरून ते. त्यानं त्यांचं काळीज बिघडलं. सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं मला. एकट्या त्यानंच गेले असं न्हाय. पण त्यानं बी गेले."

ती पोरीकडंच बघत बोलली, कारण मागं बघायचं तिच्यात बळ नव्हतं. मागून फडकं जमिनीवर पडल्याचा ओला आवाज आला, आणि उमाबाई बांधावर खाली बसल्या, बसल्या की कोसळल्या ते कळलं नाही.

"मला कुणी सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या.

"मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं, अत्ती."

"तुला सोलापुरात सांगितलं."

"व्हय."

"महिना झाला."

"व्हय."

"महिनाभर तू एकटीच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्या रागानं म्हणाल्या की कणवेनं, गायत्रीला कळलं नाही. उमाबाई आपल्या हातांकडं बघत होत्या. गायत्रीला ज्याची भीती वाटत होती तेच होत होतं, तिच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात: त्या हात पालथे करत होत्या, उताणे करत होत्या, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. गायत्री शेजारी बसली. तिनं ते हात धरले नाहीत. लांब रस्त्याकडून गौरीशंकरची हाक आली.

मग उमाबाई म्हणाल्या, "शिवू, हिकडं ये. हात दे, उठव मला." पोरीनं दोन्ही हातांनी ओढून त्यांना उभं केलं. उभ्या राहिल्यावरही त्यांनी तिचा हात सोडला नाही.

"आई काय म्हणली ऐकलंस न्हवं?"

"व्हय."

"काय म्हणली?"

"प्यायची न्हाय."

"का?"

शिवांजलीनं आईकडं बघितलं.

"त्यानं बी पप्पा गेले म्हणून," पोरगी म्हणाली.

उमाबाईंनी डोळे मिटले. उघडले. "हां," त्या म्हणाल्या. "ध्यानात ठेव. कुणी दिली तरी घ्यायची न्हाय. आज्जीनं दिली तरी." आणि नातीला पुढं घालून त्या चालायला लागल्या.